आमची ताठ मान, प्रभू

हे पित्या, तापी आणि सिपना वाहती ठेवणाऱ्या, सागाचे रान आणि त्यातला वाघ घडवणाऱ्या देवा, धारणीतली तुझी ही लहानशी मंडळी तुला हाक मारते आहे. उपवासकाळ चालू आहे. रानात मोह टपकू लागला आहे आणि आयाबाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन बाहेर पडल्या आहेत. होळी तोंडावर आली म्हणून कामाला दूरदूर गेलेली माणसे मेळघाटात परतत आहेत. आणि आम्ही दरवर्षीप्रमाणे आपापल्या पापांची यादी करून तुझ्यापुढे बसलो आहोत. यादीत दारू आहे, शिवीगाळ आहे, दशांश बुडवणे आहे, उपासनेच्या वेळी मोबाइल पाहणे आहे. हट्ट मात्र यादीत नाही. तो आम्ही पलीकडच्या पानावर, सद्गुणांत लिहून ठेवला आहे. तिथे त्याचे नाव विश्वास असे आहे.

प्रभू, आज ते पलीकडचे पान आम्हांला वाचून दाखव.

चोराला ठाऊक असते की आपण चोरी करतो. पिणाऱ्यालाही निदान सकाळी तरी कळते. हट्टी माणसाला मात्र शेवटपर्यंत वाटत राहते की आपण देवाच्या बाजूने उभे आहोत, आणि जो आपल्याला अडवतो तो सैतानाच्या. म्हणून या पापाचा पश्चात्ताप होत नाही. पश्चात्तापाची वेळ आली की आम्ही गुडघे टेकतो आणि दुसऱ्याला सद्बुद्धी दे म्हणून प्रार्थना करतो.

शौल राजाचे तसेच झाले. अमालेक्यांचे सगळे नष्ट कर असे तू सांगितले होतेस. त्याने पुष्ट पुष्ट मेंढरे तेवढी राखली. शमुवेलाने विचारले तर उत्तर तयार होते, ती तुझ्याच यज्ञासाठी ठेवली आहेत म्हणून. हट्टाला धर्माचे कपडे चढवण्याची रीत इतकी जुनी आहे. शमुवेल त्या कपड्यांना भुलला नाही. त्याने हट्टाला सरळ मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवले. हा अध्याय आमच्यात पुष्कळदा वाचला जातो आणि मूर्तिपूजा हा शब्द आला की आमचे डोळे आपोआप गावाच्या शिवेवरच्या मुठवादेवाच्या ओट्याकडे वळतात. आमच्या छातीत एक ओटा आहे, त्यावर आम्ही स्वतःच बसलो आहोत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याला शेंदूर लावतो, तिकडे कोणी बघत नाही.

ताठ मानेचे लोक असे तू कोणाला म्हणालास, तेही आम्ही विसरतो. फारोचे मन कठीण होते हे खरे, पण ताठ मानेचे हे नाव तू दिलेस ते मिसरातून सोडवून आणलेल्यांना. ज्यांनी समुद्र दुभंगताना पाहिला आणि रोज सकाळी मान्ना वेचून खाल्ला त्यांना. स्तेफनाने तेच नाव पुन्हा घेतले ते धर्मसभेतल्या बुजुर्गांसमोर, आणि त्यासाठी दगड खाल्ले. म्हणजे हा आजार सुटका झालेल्यांचा आहे. बाप्तिस्मा घेतलेल्यांचा, वचने पाठ असलेल्यांचा, पुढच्या बाकावर बसणाऱ्यांचा.

आता तू यावर औषध कसे देतोस ते पाहिले की आम्हांला भीती वाटते, प्रभू, आणि थोडे हसूही येते. मोठ्या माणसाचा हट्ट मोडायला तू मोठा माणूस पाठवत नाहीस. बलाम एवढा नावाजलेला द्रष्टा, त्याला अडवायला तू गाढवी उभी केलीस. त्याने तिला तीनदा मारले. ती बोलली तेव्हाही त्याला नवल वाटले नाही, तो तिच्याशीच वाद घालायला लागला! हट्टी माणसाचे याहून खरे चित्र कोणी काढले असेल असे वाटत नाही. योनाला समजवायला तू एक किडा नेमलास. पेत्राला कोंबड्याने जागे केले. मोशेसारखा मोशे, तोही सकाळपासून रात्रीपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला होता, आणि हे बरे नाही असे त्याला सांगितले ते मिद्यानी सासऱ्याने. मोशे मात्र शहाणा. त्याने सासऱ्याचे ऐकले.

नामानाची गोष्ट तर आमच्या मुलखाला फार जवळची. अरामाचा सेनापती, अंगावर कोड. उपाय कोणी सांगितला? लढाईत धरून आणलेल्या, त्याच्या बायकोच्या हाताखाली राबणाऱ्या एका पोरीने. अलीशाने सांगितले, यार्देनेत सात वेळा बुडी मार. तर हा तापला. आमच्या दिमिष्काच्या अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत? संदेष्ट्याने स्वतः बाहेर येऊन हात फिरवायला नको का? त्याचा खरा आजार चामडीवरचा नव्हताच. पुन्हा नोकरांनीच त्याची समजूत काढली, तेव्हा कुठे तो पाण्यात उतरला. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनने कुष्ठरोग्यांसाठी सुरू केलेला दवाखाना आजही आहे. तिथे किती पिढ्यांची चामडी बरी झाली. मान बरी करण्याचा दवाखाना, प्रभू, तू माणसांच्या हाती दिला नाहीस, तो स्वतःकडे ठेवलास. आणि तिथले तुझे सेवक म्हणजे मोलकरणी, नोकर, गाढवी, कोंबडा.

म्हणून आमची पहिली विनंती ही आहे: आमच्यासाठी तू ज्यांना पाठवले आहेस त्यांना ओळखण्याची नजर दे. बहुतेक वेळा त्यांच्याकडे आमचे लक्षच नसते.

या डोंगरात पोरे दगावतात हे तुला वेगळे सांगायला नको. १९९३ साली मेळघाटच्या कुपोषणाची बातमी देशभर गेली, त्याच्या आधीही ती दगावत होती, नंतरही दगावली. तापाने फणफणलेल्या लेकराच्या पोटावर तापल्या सळईने डंबा देणारे हात आम्ही पाहिले आहेत. बैरागडला कोल्हे डॉक्टर दांपत्य आयुष्य घालवून राहिले, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे उतावलीला डॉक्टर सातवांनी दवाखाना उभा केला. आणि या सगळ्यांना एक गोष्ट कळली, की भूमक्याला, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूला, शत्रू ठरवून चालणार नाही. त्याला जवळ बसवायचे, समजवायचे, रोगी दवाखान्यात आणायला त्यालाच सांगायचे. कितीतरी भूमके आज तसे करतात. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या, गावातला मान, सगळे थोडे बाजूला ठेवून ते म्हणतात, हे माझ्या हातचे नाही, डॉक्टरकडे ने.

आणि आमच्यातला कोणी, प्रभू, तुझ्या नावाने उलटे बोलतो. हात ठेवून प्रार्थना झाली, आता दवाखान्यात नेले तर अविश्वास होईल, असे म्हणतो. आशाताई दारात उभी असते, आणि आत बायबल उघडे असते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असे तुझ्या पुत्राला कोणी सांगितले होते हे आम्हांला चांगले माहीत आहे, आणि त्यानेही त्या वेळी वचनच म्हणून दाखवले होते. लेकराचा जीव पणाला लावून आम्ही तुझ्याशी पैज मारतो आणि तिला विश्वास म्हणतो. भूमका शिकला. आम्हांलाही शिकव. लूक वैद्य होता, आणि पौलाने त्याला प्रिय म्हटले, एवढे तरी आमच्या ध्यानात राहू दे.

आमच्या भाषेचेही तसेच. या गावात तीन भाषा रोज एकमेकींच्या पायात येतात: बुरहानपूरकडून येणारी हिंदी, वऱ्हाडी मराठी आणि कोरकू. अल्बर्ट नॉर्टन नावाचा अमेरिकन माणूस १८७०च्या दशकात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, येऊन कोरकूंमध्ये राहिला. पुढे उतारवयात तो केडगावाजवळ दौंडला दुष्काळातल्या पोरक्या मुलांचा बाप झाला. १८९०च्या सुमारास या डोंगरांसाठी कुरकू मिशन निघाले, आणि त्यातल्या जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कोरकूचे व्याकरण छापले. ज्या बोलीला आजूबाजूचा शिकलेला माणूस भाषा म्हणायलाही तयार नव्हता तिचे व्याकरण! त्या लोकांच्याही चुका होत्या, त्यांचाही ताठा होता, साहेबी टोपीसकट होता. पण कोरकू आजीशी बोलायचे तर कोरकू शिकावी लागेल, एवढे त्यांनी मानले. आम्ही शंभर वर्षांनंतर वाद घालतो की भजन मराठी म्हणायचे की हिंदी, पेटी वाजवायची की कीबोर्ड, आणि कोरकूत प्रार्थना करणाऱ्या म्हातारीने डोळे मिटले की आमच्यातले दोघेतिघे घड्याळाकडे पाहतात. तिचे शब्द आम्हांला कळत नाहीत. तुला कळतात. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत तू काय केलेस ते आम्हांला ठाऊक आहे, आणि तरीही तुला फक्त आमचीच भाषा येते अशा थाटात आम्ही बसतो.

पण पित्या, हट्ट म्हटला की सगळाच वाईट असे म्हणायला आमचे मन धजत नाही. तसे म्हटले तर आमच्या मराठी मंडळीतली तुझी सर्वांत मोठी लेकरे आम्हांला नाकारावी लागतील.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, पदरात लहान मनोरमा, राहणे-खाणे मठातल्या भगिनींच्या आधारावर. अशा बाईने गप्प राहावे, जे शिकवतील ते शिकावे, असे कोणालाही वाटेल. ज्यांच्या हाती त्यांच्या शिक्षणाची सूत्रे होती त्या सिस्टर जेराल्डिनना तसेच वाटत होते. रमाबाई मात्र प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्य कसे, कुमारीच्या पोटी जन्म कसा, अथनेशियसच्या मतांगीकारात असे असे का म्हटले आहे, चर्चचे म्हणून मानायचे ते कोणाच्या आज्ञेने? अन्नात अंडे चालणार नाही म्हणून सांगितले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, ती ना मला कळतात ना माझ्या देशबहिणींना, म्हणून सांगितले. त्यांची पत्रे पुढे छापून निघाली आहेत. ती वाचताना सिस्टर जेराल्डिनची दया येते. त्या बिचाऱ्या अहंकार, अवज्ञा म्हणून कळवळत होत्या, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचेही अगदी खोटे नव्हते. रमाबाईंचा स्वभाव मऊ नव्हता.

मग, प्रभू, रमाबाईंचा हट्ट आणि आमचा हट्ट यांत फरक काय? हा प्रश्न आम्ही फार दिवस घोळवतो आहोत. चिकाटी कोणाची जास्त यात तो दिसत नाही. आवाज कोणाचा चढा यातही नाही. आम्हांला वाटते तो इथे दिसतो: त्या सत्याशी भांडत नव्हत्या, सत्यासाठी भांडत होत्या, आणि तू जेव्हा त्यांना आणखी पुढचे दाखवलेस तेव्हा त्या तिथेच अडून राहिल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांनी स्वतःच कबूल केले की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायचा राहिला होता. एवढी विदुषी, युरोप-अमेरिकेत नाव झालेली, शारदा सदनाची संस्थापक, तिने म्हणावे की माझे अजून व्हायचे आहे! आमच्यात बाप्तिस्मा होऊन चार वर्षे झालेला माणूस असे म्हणत नाही. आणि त्यांचा हट्ट कोणासाठी होता तेही पाहण्यासारखे आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून घेऊन आल्या. त्या मुलींना वाचता यावे अशा सोप्या मराठीत बायबल हवे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ साली मनोरमा गेली. तरी त्या कामावर बसल्या, भाषांतर पुरे केले, आणि एप्रिल १९२२ मध्ये तुझ्याकडे आल्या. त्या हट्टाचा फायदा रमाबाईंना काय झाला? काहीच नाही. आमच्या हट्टाचा फायदा नेहमी आम्हांलाच होतो, किंवा निदान आम्हांला तसे वाटते.

दुसरे घर टिळकांचे. नारायण वामन टिळक १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले आणि इकडे लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आकाश कोसळले. स्मृतिचित्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते दिवस माहीत आहेत. नवऱ्यापासून ताटातूट, माहेरच्यांचे हाल, लोकांचे टोमणे. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या त्याही आपले सोवळे घेऊनच. वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी. टिळक स्वभावाने तापट, घरातले पैसे वाटेत भेटेल त्याला देऊन टाकणारे, एकदा मनात आले की कोणाचे न ऐकणारे. म्हणजे हट्टाशी हट्टाची गाठ होती. पण याच एका बाबतीत त्या तापट माणसाने बायकोवर जोर केला नाही. तिचे सोवळे तिला पाळू दिले. आणि मग एका रात्री विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनातून जात गळून पडली, देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, एवढे त्यांचे त्यांना उमगले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचे ख्रिस्तायन अर्धवट राहिले होते ते याच बाईने पुढे पुरे केले.

पित्या, आम्हांला लक्ष्मीबाईंसारखे बदलता यावे असे आम्ही मागतो, पण त्याहून जास्त आम्हांला टिळकांचे ते थांबणे हवे आहे. आमच्या घरांत कोणाची बायको अजून मंडळीत आलेली नाही, कोणाचा बाप येत नाही, कोणाचा पोरगा येत होता तो बंद झाला. आम्ही त्यांच्यामागे वचनांची काठी घेऊन लागतो. त्यांचा हट्ट मोडायला निघतो तो आपल्या दुप्पट हट्टाने. त्या रात्रीचा मालक तू आहेस. ती कधी आणायची ते तू ठरवतोस. आम्हांला तोवर स्वयंपाक वेगळा मांडू देण्याची माया दे.

पुढे पौल झालेल्या तार्साच्या शौलालाही तू असाच थांबून थांबून आणलेस. गमलीएलाच्या पायाशी शिकलेला तो पोरगा. गमलीएल धर्मसभेत प्रेषितांबद्दल म्हणाला होता, या माणसांना सोडा, हे काम देवाचे असेल तर तुम्हांला मोडता येणार नाही. शिष्याने गुरूकडून सगळे नियमशास्त्र घेतले, एवढे शहाणपण तेवढे घेतले नाही. तुझ्यासाठी आवेशी होता, म्हणून तुझ्याच लोकांना घराघरांतून ओढून काढत होता. दिमिष्काच्या वाटेवर तू त्याला पराणीवर लाथ मारणाऱ्या बैलाची आठवण करून दिलीस. पराणीला आमच्याकडे तुतारी म्हणतात. नांगराचा बैल चिडून मागे लाथ झाडतो तेव्हा टोकाची आरी त्याच्याच पायात रुतते, आणि धन्याने काही केलेले नसताना बैल लंगडतो. आमच्यातले कितीतरी असे लंगडत आहेत, प्रभू. आपल्याला देवाने मारले असे सांगत फिरतात.

मंडळीतल्या भांडणांबद्दल फार बोलत नाही. तुला ती ऐकून कंटाळा आला असेल. पंच कोण व्हावे, किल्ली कोणाकडे राहावी, देणगीचा हिशेब कोणी वाचावा, जुन्या मिशनच्या जागेवर हक्क कोणाचा. वऱ्हाडात कुठेही जा, तुझ्या नावाच्या मंडळ्यांचे वाद कोर्टात पडून आहेत, आणि दोन्ही बाजू तारखेला जाण्याआधी प्रार्थना करतात. पौल आणि बर्णबा मार्कावरून इतके भांडले की वेगवेगळ्या वाटांनी गेले, पण म्हातारपणी तुरुंगातून पौलाने त्याच मार्काला बोलावून घेतले, तो मला कामाचा आहे म्हणून. आमच्यातला मार्क कोण, ते आमच्या पंचांना सांग. आणि तो अजून जिवंत असताना सांग.

शेजाऱ्यांबद्दल बोलायला हवे. होळी हा कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण. मेघनाथाचा खांब उभा राहील, ढोल आणि बासरी रात्रभर वाजतील, पोरीबाळी रस्ता अडवून फगवा मागतील. आम्ही आगीला नमस्कार करणार नाही, ते आमच्या शेजाऱ्यांनाही माहीत आहे आणि त्यांनी ते कधीचे मान्य केले आहे. पण फगवा मागणाऱ्या पोरीला दहा रुपये देताना आमचा विश्वास कुठे कमी होतो? ती कालपर्यंत आमच्या अंगणात खेळत होती. आम्ही दार लावून घेतो, आणि आत बसून शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा धडा वाचतो. उलट आमच्यावर बोट दाखवले जाते, धर्म बाटवला म्हणून बोलले जाते, तेव्हा आम्ही आणखी आखडतो. दुखावलेल्या माणसाचा हट्ट सगळ्यांत कडक असतो, कारण त्याच्याकडे कारण असते. ते दुखणे खरे आहे हे तू जाणतोस. त्याच्यावर फुंकर घाल, पण त्याच्या आडोशाने आम्ही जे बांधले आहे ते राहू देऊ नकोस.

आणि ज्या हट्टावर तू स्वतः भाळतोस तो आमच्यातून काढून घेऊ नकोस. यब्बोकाच्या काठी याकोबाने तुला रात्रभर सोडले नाही. अब्राहामाने सदोमासाठी तुझ्याशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस केली, एखादी वऱ्हाडी बाई बाजारात करते तशी. सोन्याच्या वासरानंतर मोशे तुला म्हणाला, त्यांना क्षमा कर, नाहीतर माझे नाव तुझ्या पुस्तकातून खोडून टाक. त्या कनानी बाईला तुझ्या पुत्राने आधी उत्तरच दिले नाही, मग कडू उत्तर दिले, तरी ती हलली नाही, आणि शेवटी तोच तिच्या विश्वासाला मोठा म्हणाला. यांतल्या पुष्कळांचे भांडण दुसऱ्याच्या जिवासाठी होते. शहरासाठी, लोकांसाठी, पोटच्या पोरीसाठी. आम्ही आपल्या खुर्चीसाठी इतके भांडतो. तितके एकदा तरी सेमाडोहच्या, हरिसालच्या, बैरागडच्या दुसऱ्याच्या लेकरासाठी तुझ्याशी भांडू दे. न्यायाधीशाकडे पुन्हापुन्हा जाणाऱ्या त्या विधवेसारखे तहसीलच्या, दवाखान्याच्या, रेशनच्या दारात बसू दे. त्यासाठी लागणारी ताठ मान आमच्याकडे आहे. तिची दिशा तेवढी चुकली आहे.

तुझा पुत्र गेथशेमानेत पालथा पडला. त्यालाही हवे होते ते त्याने लपवले नाही, प्याला टळावा असे स्पष्ट मागितले, एकदा नाही, तीनदा. आणि तीनही वेळा आपले मागणे तुझ्या हातात ठेवून उठला. आम्हांला इतके जमणार नाही. आम्ही मागून झाल्यावर हात मिटतो, सोडत नाही. निदान एक बोट सैल करण्यापासून सुरू करू दे.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्याच्या आधी, प्रभू, बांधावरून ज्या दोघा भावांचे बोलणे बंद आहे त्यांच्यातल्या मोठ्याला आधी उठव. सुनेला माहेरी पाठवून बसलेल्या सासूला उठव. आजारी लेकरू घरात ठेवून तुझी परीक्षा पाहणाऱ्याला आजच, आत्ताच, रात्रीची गाडी मिळेल अशा वेळी उठव. मुलगा दारू पितो म्हणून त्याचे तोंड न पाहण्याची शपथ घेतलेल्या बापाला त्या शपथेतून मोकळे कर. पाळकांना पंचांचे ऐकू दे, पंचांना पोरांचे ऐकू दे, आणि मागच्या बाकावरची म्हातारी कोरकूत काय म्हणते आहे ते आम्हां सगळ्यांना कोणी तरी समजावून सांगू दे.

आणि ही प्रार्थना ऐकताना आमच्यापैकी जो कोणी मनात दुसऱ्याचेच नाव घेत असेल, सुरुवात त्याच्यापासून कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.